वर विस्तव, खाली विस्तव

तवशाचं धोंडस चुलीवर होताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना भट्टीचं तत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तवसं म्हणजे मोठी काकडी. ती किसायची, तिच्याच पाण्यात भाजलेला तांदळाचा रवा शिजवायचा, गूळ नि ओलं खोबरं घालायचं, जाड बुडाच्या टोपात मिश्रण थापायचं आणि टोप मंद निखाऱ्यांवर चढवायचा. इथवर हे शिजवणं झालं. भाजणं सुरू होतं ते पुढे. टोपावर ताट झाकायचं आणि त्या ताटात नारळाच्या करवंट्यांचे लाल निखारे पसरायचे. आता उष्णता दोन्ही बाजूंनी येते. वरचा थर कोरडा होतो, त्याला रंग चढतो, कडा टोपापासून सुटतात. कोकणातल्या घरांत ओव्हन नव्हता असं आपण सहज म्हणतो. ओव्हन होता. त्याला दार नव्हतं आणि वापर झाला की त्याचा पुन्हा टोप होत असे, म्हणून तो मोजला गेला नाही, एवढंच.

या प्रकरणाचा विषय आहे मांस आणि चीज भरून भाजलेलं बिस्किट. चार माणसं जमली की ताटावाचून, हातात धरून खाता येईल असा पदार्थ. इथे बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं कुरकुरीत बिस्किट नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत जाड, मऊ, पापुद्र्यांची, खारट चवीची छोटी पावासारखी वस्तू या नावाने खातात. बेकिंग पावडरने फुगवतात, यीस्ट लागत नाही. तिच्या पोटात खिमा आणि चीज भरलं की जे होतं ते आपलं आजचं काम. हा पदार्थ परदेशी म्हणून शिकवला जातो, परदेशी मापांनी, परदेशी यंत्रांनी, आणि म्हणून घरी फसतो. त्याला लागणाऱ्या चार गोष्टी मालवणी स्वयंपाकघरात आधीपासून आहेत: मोहन, साटा, सुकं आणि वर-खाली विस्तव. बाहेरून येतं ते फक्त चीज. या वाटेने गेलं तर तो सोपाही होतो आणि चांगलाही.

हे लिहिताना मी वालावल डोळ्यांसमोर ठेवलं आहे. कुडाळ तालुक्यातलं, कर्ली नदीकाठचं गाव; लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ, त्याला लागून मोठा तलाव, भोवती माड-पोफळी. मे महिन्यात चाकरमानी येतात, घरांची खळी माणसांनी भरतात. गावात बैठकीला निमित्त लागत नाही. संध्याकाळी एक येतो, मग दुसरा, मग कुणी पत्ते काढतं, कुणी भजनाच्या डबलबारीचा विषय काढतं आणि आठ वाजता घरातल्या बाईला कळतं की आज दहा माणसं जेवायची आहेत. कोंबडी-वडे हा अशा वेळचा राजमान्य बेत. पण वडे गरमच खावे लागतात, म्हणजे कुणीतरी सतत कढईपाशी उभं असतं. बहुधा तीच बाई. भरलेलं बिस्किट दुपारी तयार करून फ्रीजमध्ये ठेवता येतं, एका वेळी डझनभर भाजलं जातं, आणि करणारीलाही बाहेर खळ्यात बसता येतं. मला या पदार्थाचं महत्त्व वाटतं ते इथे.

आधी त्या अमेरिकन बिस्किटाच्या भांड्याबद्दल. आज ते विजेच्या ओव्हनमध्ये होतं, पण ज्या काळात ते घडलं तेव्हा तिथल्या वस्तीकऱ्यांकडे असायचं एक ओतीव लोखंडाचं झाकणाचं भांडं. त्याला ‘डच ओव्हन’ म्हणतात. खाली तीन पाय, म्हणजे निखाऱ्यांवर उभं राहतं. झाकणाला उभी कड, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरत नाहीत. वाळूच्या साच्यात अशी भांडी ओतण्याच्या कृतीचं पेटंट इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने १७०७ साली घेतलं. या भांड्यात भाजण्याचा जुना नियम असा की, निखाऱ्यांचे तीन वाटे केले तर दोन वर आणि एक खाली. उष्ण हवा वर जाते, खालचा विस्तव भांड्याच्या बुडाला थेट लागतो. म्हणून खाली कमी. धोंडस करणारी बाईही खालचे निखारे पसरून मंद करते आणि वरचे भरपूर ठेवते. तिची आणि डच ओव्हनवर भाजणाऱ्या तिकडच्या बाईची गाठ कधी पडली नाही. उष्णतेचा स्वभाव एक, म्हणून दोघी एकाच उत्तरापाशी पोचल्या.

आता पीठ. गव्हाच्या पिठात पाणी पडलं आणि ते मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून चिवट जाळं तयार करतात. पोळीला ते हवं, पावाला फारच हवं. बिस्किटाला नको. अमेरिकेच्या दक्षिण भागात मऊ जातीचा, कमी प्रथिनांचा गहू पिकतो आणि तिथल्या बिस्किटाचा हळवेपणा बराचसा त्या गव्हाचा आहे. आपल्या बाजारातला मैदा त्याहून चिवट. तिकडची कृती जशीच्या तशी केली की बिस्किट दडदडीत होतं ते यामुळे. उपाय घरातच आहे: मैद्यात थोडं तांदळाचं पीठ. तांदळात हे जाळं धरणारी प्रथिनं नसतात, त्यामुळे मिश्रणाचा चिवटपणा उतरतो. दोनशे दहा ग्रॅम मैद्याला चाळीस ग्रॅम तांदळाचं पीठ, हे प्रमाण मला बरोबर वाटतं. याहून जास्त घातलं की बिस्किट भरभरीत होऊन भरताना फाटतं.

चिवटपणा तोडायचा दुसरा मार्ग मोहनाचा. तूप किंवा लोणी कोरड्या पिठाला चोळलं की पिठाच्या कणांवर स्निग्धाचं आवरण बसतं, पाणी आत शिरत नाही, जाळं तुटक राहतं. पदार्थ खुसखुशीत होतो. शंकरपाळ्यात आपण हेच करतो, गरम मोहन घालून. बिस्किटाला मोहन थंड लागतं आणि ते पूर्ण चोळायचं नसतं. मटाराएवढे काही गोळे तसेच राहू द्यायचे. पीठ लाटलं की ते गोळे चपटे होऊन पापुद्र्यांच्या मध्ये बसतात. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. भाजताना त्याची वाफ होते आणि ती पापुद्रे एकमेकांपासून उचलून धरते.

साट्याच्या करंज्या ज्या घरांत होतात, तिथे हे आणखी नेमकेपणाने जमतं. तूप आणि तांदळाचं पीठ फेसून केलेला साटा पोळ्यांवर लावायचा, पोळ्या एकावर एक ठेवून गुंडाळायच्या, कापायच्या, पुन्हा लाटायच्या. पापुद्रे ठरवून केलेले, नशिबावर न सोडलेले. बेकरीतली खारी याच तत्त्वावर होते, आणि कुडाळ-सावंतवाडीच्या बेकऱ्यांत काचेच्या कपाटात मांडलेलं पॅटीस म्हणजे पोटात सारण घेतलेली खारीच. बिस्किटाला एवढी मेहनत लागत नाही. पीठ थापून त्याची तीन पदरी घडी घालायची, पुन्हा थापायचं, पुन्हा घडी, दोनदा पुरे.

कोकणात खरी अडचण हवेची आहे. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांना पातळ होतं आणि वालावलात मे महिन्याची दुपार तेवढीच तापते. हातात घेतलेलं लोणी पिठात विरघळून जातं, गोळे उरत नाहीत, पापुद्रे होत नाहीत. खोबरेल तर चोवीस-पंचवीस अंशांनाच वितळतं. म्हणून पीठ सकाळी लवकर भिजवावं, मैदासुद्धा आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवावा, बोटांच्या टोकांनी काम करावं, तळव्यांनी नाही. याखेरीज इथल्या मातीतलं एक उत्तर आहे, ज्याकडे कुणी फारसं पाहत नाही. कोकमाच्या बियांचं तेल. त्याचे पांढरट-पिवळट कडक मुटके घराघरांत असतात, पायांच्या भेगांना लावायला. ते खाण्याजोगं आहे, चॉकलेटच्या धंद्यात कोकोच्या लोण्याच्या जोडीला चालतं, आणि ते वितळायला जवळजवळ चाळीस अंश लागतात. म्हणजे मे महिन्यातही ते कडकच राहतं. खाण्यासाठी काढलेलं स्वच्छ कोकमतेल घेऊन, बारीक किसून, एकूण स्निग्धाच्या चौथ्या हिश्श्याएवढं लोण्याबरोबर घालावं. सगळंच घातलं तर खाताना टाळूला मेण लागल्यासारखं होतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे; त्याच्या सरबताचं आणि आगळाचं कौतुक होतं तसं त्याच्या तेलाचंही व्हायला हवं.

फुगवायचं काम सोडा आणि आंबट ताक करतात. सोडा क्षार, ताक आम्ल, दोघांच्या भेटीत कार्बन डायऑक्साइड सुटतो. ही भेट ताबडतोब होते आणि ताबडतोब संपते, म्हणून नुसत्या सोड्याच्या पिठाला थांबता येत नाही. बेकिंग पावडरमध्ये आम्ल कोरड्या रूपात आधीच मिसळलेलं असतं. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने १८४३ साली तशी पावडर केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. आजच्या पावडरीचा अर्धा जोर पाणी लागल्यावर आणि उरलेला उष्णता लागल्यावर येतो. त्यामुळे भरलेली बिस्किटं पंधरा-वीस मिनिटं भाजायची थांबली तरी बिघडत नाही. टोप तापायला तेवढा वेळ लागतोच. अडीचशे ग्रॅम पिठाला दोन लहान चमचे पावडर, पाव चमचा सोडा, ऐंशी ग्रॅम स्निग्ध आणि दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर थंड ताक. बाजारचं लोणी खारट असतं, चीजही खारट, सारणातही मीठ. म्हणून पिठात मीठ घालू नये. हे विसरलं की सगळं वाया जातं.

सारणावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण बिस्किट तिथे जिंकतं किंवा हरतं.

मालवणी सुकं म्हणजे रस आटवून मसाला मांसाला चिकटलेली सागोती. बिस्किटाला हेच हवं, पण आणखी एक पायरी कोरडं. कारण साधं आहे. बंद पिठाच्या आत पाणी राहिलं की भाजताना त्याची वाफ होते. काही वाफ पापुद्रे उचलायच्या कामी येते, उरलेली कड फोडून बाहेर पडते आणि चीज सोबत नेते. जे पाणी वाफ होत नाही ते खालच्या पिठात मुरतं. पाणी आहे तोवर त्या जागेचं तापमान शंभर अंशांच्या पलीकडे जात नाही आणि तांबूस रंग, भाजल्याचा वास हे सगळं एकशे चाळीस अंशांच्या आसपास सुरू होतं. म्हणून वरून सुंदर दिसणारं बिस्किट खालून पांढरं, चिकट निघतं. लोक ओव्हनला दोष देतात. दोष सारणाचा असतो.

तीनशे ग्रॅम बोकडाचा खिमा घ्यावा. दोन मध्यम कांदे बारीक चिरून खोबरेलात लाल होईपर्यंत परतावेत, घाई न करता. आलं-लसूण, मग खिमा, मोठ्या आंचेवर. खिमा आधी पाणी सोडतो आणि त्यातच शिजू लागतो; ते पाणी पूर्ण आटून तो टोपाच्या बुडाला ‘चर्र’ वाजायला लागला की मग मालवणी मसाला दीड मोठा चमचा. मसाला आधी घातला तर पाण्यात उकळतो, परतला जात नाही, आणि त्यातल्या धण्या-बडीशेपेचा, दगडफुलाचा वास उमलत नाही. हा मसाला बहुतेक घरांत एप्रिल-मे महिन्यात, पावसाआधी, वर्षभराचा करून ठेवतात. म्हणजे चाकरमानी येतात तेव्हा तो अगदी ताजा असतो. दोन आमसुलं घालावीत आणि शेवटी काढून टाकावीत.

वाटपाचं काय? आपलं सुकं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपावाचून होत नाही. इथे मात्र ओलं खोबरं वापरू नये. ओल्या नारळात निम्म्याच्या आसपास पाणी असतं आणि कोकणच्या उकाड्यात ते खोबरं काही तासांत आंबतं. सुकं खोबरं किसून, बदामी भाजून, हाताने चुरून दोन मोठे चमचे घालावं. वाटू नये, वाटलं की पाणी आलंच. तरीही ओल वाटली तर पंढरपुरी डाळ्याचं कूट एक चमचा. ते उरलेला ओलावा पिऊन घेतं आणि चवीत पुढे येत नाही.

चरबीचीही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बोकडाची चरबी तोंडाच्या उबेतही धड वितळत नाही. गरम रश्शात ते जाणवत नाही, पण बैठकीत बिस्किट हातात राहतं, गप्पांत निवतं आणि मग ती चरबी ओठांना, टाळूला थापून बसते. म्हणून चरबी कमी असलेला खिमा मागावा, परतताना सुटलेली चरबी निथळून काढावी आणि त्या जागी चमचाभर खोबरेल घालावं. निवलं तरी ते कोकणच्या हवेत पातळच राहतं.

गावठी कोंबडा असेल तर खिमा करू नये. त्याचं मांस राठ, स्नायूंत चिवट धागे भरपूर. मंद आंचेवर तासभर तरी शिजवावं, मग हाडांपासून सोडवून हाताने दोरे काढावेत आणि मसाल्यात कोरडं परतावं. चव खिम्याहून चांगली, कष्ट दुप्पट. बॉयलर कोंबडीचा खिमा फार पाणी सोडतो आणि चवीला कमी. घाईच्या दिवशी ठीक.

गोव्याकडून येणारा एक पर्याय मात्र मला खिम्याच्याही वर ठेवावासा वाटतो, जिथे डुकराचं मांस खाल्लं जातं तिथे. चोरीस. डुकराचं मांस मीठ, लाल मिरची, लसूण आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवून, आतड्यात भरून वाळवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या माळा टांगलेल्या असतात. यातलं पाणी आधीच उन्हाने आणि धुराने काढलेलं आहे, आंबटपणा आहे, मसाला आहे. कांद्यावर परतलं की सारण तयार. गोव्यात ते पावात भरून खातात. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले आणि त्यांच्या मागोमाग भट्टीचा पाव आला. यीस्टच्या जागी माडाची सूर घालून पीठ फुगवायची रीत तिथल्या पदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, बसवली. साष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइटांनी पाव भाजायला शिकवलं, असं गोव्यात सांगतात. या पावाचं राज्य पुढे सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणपर्यंत पसरलं; गहू न पिकणाऱ्या या भाताच्या मुलखात सकाळचा पाव आज परका वाटत नाही. मग पोटात मांस घेतलेलं बिस्किट का वाटावं?

पिठाच्या आत मांस भरणं हे तर देशात फारच जुनं. माळव्याच्या मांडूला सुलतान गियासशाहाच्या दरबारात पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘निमतनामा’त मांसाच्या सांबोशांच्या कृती आहेत. तिकडे इंग्लंडात कॉर्नवॉलचे खाणकामगार डब्याऐवजी मांस-बटाट्याची भाजलेली करंजी घेऊन खाणीत उतरत. ज्याला ताट-वाटी घेऊन बसायला जागा नाही, त्या माणसासाठी जगभर हाच तोडगा निघाला.

आता चीज. वालावलच्या घरात हे एकच पाहुणं आहे, म्हणून त्याचा स्वभाव नीट ओळखून घ्यावा. दूध नासवून पाणी काढलं की पनीर होतं, पण पनीर वितळत नाही, कितीही तापवा. आम्ल आणि उष्णता दोन्हींनी घट्ट झालेली त्यातली प्रथिनं सुटतच नाहीत. रेनेट घालून विरजलेल्या, मुरवलेल्या चीजमध्ये प्रथिनांना कॅल्शियम धरून ठेवतं. तापलं की ती पकड सैल होते आणि चीज वाहतं. फार तापलं तर स्निग्ध वेगळं सुटून तेल निघतं. यावर १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी उपाय काढला: चीज सायट्रेट क्षारांबरोबर वितळवायचं. हे क्षार कॅल्शियम ओढून घेतात, सुटी झालेली प्रथिनं स्निग्धाच्या थेंबांभोवती पसरतात आणि तेल वेगळं होऊ देत नाहीत. आपल्या दुकानातलं डब्यातलं, चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीज ते हेच. म्हशीच्या दुधात स्निग्ध आणि प्रथिनं दोन्ही गाईच्या दुधाहून जास्त. त्या दुधाचं चीज मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते आणंदच्या अमूलने, ज्याचा मूळ खेडा जिल्हा संघ १९४६ साली उभा राहिला.

पाककलेच्या पुस्तकांत प्रोसेस्ड चीजला नाक मुरडतात आणि मोझरेला सुचवतात. या कामासाठी मी उलट सांगेन. मोझरेलाची तार गरम असतानाच. निवलं की ते रबरासारखं चिवट होतं, शिवाय त्यात पाणी निम्म्याच्या जवळ. बैठकीत कुणी भाजल्या क्षणी खात नाही. प्रोसेस्ड चीज निवल्यावरही मऊ राहतं, तेल सोडत नाही आणि मालवणी मसाल्याच्या तिखटाला धार न घालता थोडं शांत करतं. एका बिस्किटाला दहा ग्रॅम, म्हणजे अर्ध्या वडीएवढा तुकडा. किसू नये, किसलेलं चीज सारणात मिसळून नाहीसं होतं. तुकडा मध्यभागी, भोवती खिमा, म्हणजे कड फुटली तरी पहिलं बाहेर येणार ते चीज नसेल.

भरण्यासाठी सारण पूर्ण निवलेलं हवं. कोमट सारणाने आतलं लोणी भाजण्याआधीच वितळतं. पिठाचे बारा गोळे करावेत, प्रत्येक तळहाताएवढा थापावा, मध्ये जाड, कडेला पातळ. वीस ते पंचवीस ग्रॅम सारण, चीजचा तुकडा, आणि मोदकासारख्या पाऱ्या घेऊन वर तोंड बंद करायचं. आता बिस्किट उलटं ठेवायचं, शिवण खाली. करंजीसारखी मुरड घालून अर्धवर्तुळाकारही करता येतात आणि मुलांना ते काम आवडतं, पण मुरडीचा भाग जाड होऊन कच्चा राहू शकतो. वरून थोडं दूध लावावं, रंगासाठी.

भाजणं. विजेचा ओव्हन असेल तर दोनशे दहा अंश, अठरा ते वीस मिनिटं. कुकर असेल तर शिटी आणि झाकणाचं रबर काढून, तळाला वाळूचा किंवा मिठाचा थर देऊन, त्यावर जाळी. दहा मिनिटं आधी तापवून मग मध्यम आंचेवर तीस-पस्तीस मिनिटं. गावोगावी पहिले केक असेच झाले. यात वरचा रंग मात्र फिकट राहतो, कारण वर विस्तव नाही. शेवटी तव्यावर एकदा उलटून घ्यावीत.

आणि चूल असेल तर टोप. जाड पितळी किंवा बिडाचा. पातळ ॲल्युमिनियमचा बुडाला करपवतो. तळाला बोटभर वाळू, वाळूवर उपडी ताटली, ताटलीवर केळीचं पान आणि पानावर बिस्किटं, एकमेकांना जेमतेम लागतील अशी. शेजाऱ्याचा आधार मिळाला की ती आडवी न पसरता वर फुगतात. खाली एक वाटा निखारे, झाकणावर दोन वाटे. करवंटीचे निखारे सोडणाच्या निखाऱ्यांहून जास्त वेळ टिकतात, म्हणून वर तेच घालावेत. पंधरा मिनिटं झाकण उचलायचं नाही. मग एकदा बघून, जिथे रंग कमी तिथे निखारे सरकवायचे. साधारण अर्ध्या तासात होतात. केळीचं पान करपतं, त्याचा वास बिस्किटाच्या बुडाला लागतो, आणि तो कुठल्याही ओव्हनमध्ये मिळत नाही. आचऱ्याच्या गावपळणीत अख्खं गाव वेशीबाहेर जाऊन तीन दगडांच्या चुलींवर रांधतं. तशा उघड्यावरच्या मुक्कामातही एवढं सामान पुरतं.

बेत कधी करायचा हे गावात वेगळं सांगावं लागत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरं पाळतात, श्रावण तर पाळतातच. बुधवार, शुक्रवार, रविवार मोकळे. शाकाहारी माणूस बैठकीत हमखास असतो. त्याच्यासाठी फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजी सुकी परतून भरावी, आणि ती बिस्किटं वेगळ्या टोपात, आधी भाजावीत. शिवण खाली असल्याने बाहेरून सगळी सारखी दिसतात, म्हणून त्यांच्यावर तीळ लावावेत. सोबत सोलकढी. आंबट, गार, आणि खोबऱ्याची चव सारणाशी जुळणारी. सॉसची बाटली काढायची गरज पडत नाही.

माणशी तीन धरावीत. उरतील त्यांचं काय करायचं हे गमतीवर नेऊ नये. शिजलेलं मांस, चीज, ओलसर पीठ, आणि बत्तीस अंशांवरची दमट हवा. अशा हवेत तासाभरापेक्षा जास्त वेळ ती उघडी राहू नयेत. थंडीच्या दिवसांत दोन तास. उरलेली फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आंचेवर आतपर्यंत वाफाळेपर्यंत तापवावीत. मायक्रोवेव्हमध्ये ती मऊ पडतात.

मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत भाजलेली बिस्किटं बांधून देऊ नयेत, कितीही आग्रह झाला तरी. कोकणकन्या असो की तुतारी, कुडाळहून मुंबईपर्यंत रात्र जाते आणि एवढ्या वेळात ती खराब व्हायला पुरेसा उकाडा डब्यात असतो. त्याऐवजी मालवणी मसाल्याची पुडी, चुरलेलं भाजलेलं सुकं खोबरं आणि कोकमतेलाचा मुटका द्यावा. खिमा आणि चीज दादरलाही मिळतं. अमेरिकेत राहणाऱ्यांचं तर आणखी सोपं आहे. केंटकीच्या लाइव्हली विलोबी या बेकरने १९३१ साली कच्च्या बिस्किटांचं पीठ डब्यात भरून थंड ठेवण्याचं पेटंट घेतलं आणि तसे डबे आज तिथल्या प्रत्येक दुकानात असतात. तिथल्या मराठी घरांत सणावारी जमताना पॅटीससाठी असलं तयार पीठ सर्रास वापरतात. त्या पिठात मीठ आधीच असतं, तेव्हा तिथे सारणातलं मीठ निम्मं करावं, आणि तांदळाचं पीठ घालायचा प्रश्न येत नाही. बाकी सुकं करायची रीत तीच: पाणी पूर्ण आटू द्यायचं, चर्र वाजलं की मसाला.